शहादेव हेड्याने मागे घेतलेला शब्द

माझी पुतणी मनाच्या आजारांची डॉक्टर झाली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मी मात्र तिची जाडजूड पुस्तकं चाळत बसलो. एका प्रकरणाचं नाव होतं 'व्यक्तिमत्त्व विकार'. हे काय असतं, असं विचारल्यावर तिने समजावून सांगितलं. काही माणसांचा स्वभावच असा वाकडा घडलेला असतो, की तो त्यांना तरी जाचतो किंवा भोवतालच्यांना तरी. पण कुणी विचित्र वागलं की लगेच शिक्का मारायचा नसतो. ते वागणं तरुणपणापासूनचं आहे की मध्येच उपटलं, हे आधी बघायचं. घरात, बाहेर, परक्यांत, सगळीकडे ते सारखंच आहे का, हे बघायचं. त्याचा त्रास कुणाला होतो, आणि मागे दुसरं काही दुखणं तर नाही ना, हेही बघायचं. मग गट असतात तीन. संशय घेऊन आपल्यातच राहणारे, आदळआपट करणारे, आणि सारखे भिणारे.

मी तिला म्हणालो, "बाई, एवढ्यासाठी तू इतकी वर्षं घातलीस? तुझ्या पणजोबांना विचारलं असतंस तर त्यांनी घाटनांदूरच्या बाजारात लिंबाखाली बसून सांगितलं असतं."

ती हसली. तिला वाटलं, काकांची नेहमीची फुशारकी. फुशारकी आहेच, मी कशाला नाही म्हणू? आमचे आजोबा शहादेव हेडी होते. हेडी म्हणजे गुरांचा दलाल, आणि हेडी म्हटलं की आजही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हातारा बैल तरणा म्हणून खपवणारा, शिंगाला तेल लावून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकणारा, अशी त्या धंद्याची कीर्ती. लग्न जमवताना आमच्या घरातली मंडळी 'शेती आहे' एवढंच सांगून मोकळी व्हायची. मला त्याचा राग येतो, म्हणून आता सगळं सांगूनच टाकतो.

आजोबांचा काळ निजामाच्या अमलाचा. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, कचेरीचं कामकाज उर्दूत चाले आणि सन फसली मोजत. ही हकीकत फसली तेराशे पंचविसाच्या आसपासची, म्हणजे तिकडे विलायतेत पहिली मोठी लढाई पेटली होती तेव्हाची. घाटनांदूरच्या बाजारात हेडी पुष्कळ होते, पण बैलाची खोड सांगायला लोक शहादेवाकडेच येत. त्यांची रीत अशी, की बैल तीन ठिकाणी बघायचा. दावणीला बघायचा, जुवाखाली बघायचा आणि पाण्यावर दुसऱ्या गुरांत बघायचा. तिन्हीकडे सारखाच वागला तर ती त्याची खोड, आणि मालकाला विचारायचं, वासरू असल्यापासून असाच आहे का? एकाच ठिकाणी बिघडत असेल तर ती खोड नव्हे, तिथे त्याला काहीतरी दुखतंय. खांदा सोलला असेल, खुरात काटा असेल.

खोडींचेही त्यांनी गट पाडले होते. एकलकोंडे, उधळे आणि बुजरे. मारका, बसका, लाथाड्या ही सगळी पोटनावं. आणि बाजाराचा कायदा असा, की जाणत्या हेड्याने एकदा खोड सांगितली की ती दगडावरची रेघ. बैलाची किंमत त्या शब्दावर ठरायची. रुमालाखाली बोटं धरून जो सौदा व्हायचा, तो त्या शब्दानंतर. शब्द मागे घेणाऱ्या हेड्याने आपला रुमाल खाली टाकायचा आणि बाजूला व्हायचं, मग त्याच्या हाताला कुणी हात देत नसे. वीस वर्षांत शहादेवांनी एकदाही शब्द मागे घेतला नव्हता, आणि हे ते स्वतः मिशीवर ताव देऊन सांगत.

अशा माणसाने एक दिवस सगळी रीत गुंडाळून ठेवली आणि एका बाईला नाव ठेवलं.

त्या मंजुळाबाई. घाटनांदूरच्याच, चांगल्या काळ्या रानाच्या मालकीण, मूलबाळ नाही, नवरा नुकताच गेलेला. शेजारचं रान त्यांच्या दिराचं, भगवानरावांचं. भगवानराव एकदा आजोबांना घेऊन मंजुळाबाईंच्या गोठ्यात गेले, म्हणाले बैल विकायचाय, बघा. आजोबांनी बैलाचा खूर उचलला आणि मागून मनगटावर काठी बसली. मंजुळाबाई उभ्या होत्या. त्यांनी काठी पुन्हा उगारली. पारखी हेडी मनगट चोळत बाहेर पडला.

बाजारात सगळ्यांनी सुजलेल्या मनगटाची चौकशी केली. आजोबा हसून म्हणाले, "बैल गरीब हाय, मालकीण मारकी."

झालं. नाव चिकटलं. पाणवठ्यावर, देवळात, बाजारात मारकी मंजुळा. पोरं लांबून ओरडून पळायची, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आजोबांना खरं सांगायचं तर मजा वाटायची. आपला शब्द कसा सगळीकडे चालतो, याची.

तीनेक वर्षं गेली. मंजुळाबाईंनी एकदा भगवानरावांच्या गड्याला बांधावर झोडपलं, त्याचं डोकं फुटलं. भगवानरावांनी मोमिनाबादच्या तहसील कचेरीत अर्जी दिली. भावजय वेडी आहे, माणसांवर धावून जाते, तिला दर्ग्यात नेऊन साखळीला बांधण्याची परवानगी मिळावी आणि तिचं रान आमच्या ताब्यात मिळावं. तेव्हा वेड लागलेल्या माणसाला देवस्थानात पायाला साखळी घालून ठेवायची चाल होती. कुणी महिनाभर राही, कुणी जन्मभर.

कचेरीने एका हकीमसाहेबांना बाई दाखवली. त्यांनी चार प्रश्न विचारले, एकाचंही उत्तर मिळालं नाही. पाणी दिलं, बाईने भांडं पालथं केलं. हकीमसाहेबांनी कागदावर 'जुनून' लिहिलं, म्हणजे वेड. पण तहसीलदार सबुरीचा माणूस होता. गावचा कुणी जाणता गवाह आणा, मग हुकूम देतो, म्हणाला. भगवानरावांनी लगेच शहादेव हेड्याचं नाव दिलं.

ते आजोबांकडे मोठ्या अदबीने आले. मागणी फार नव्हती. बाजारात जो शब्द बोललात तोच कचेरीत परत बोला, एवढंच. वीस वर्षांत तुमचा शब्द फिरला नाही हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे, हेही वर सांगितलं. पेशीला, म्हणजे सुनावणीला, आठ दिवस होते.

भगवानराव गेल्यावर आजोबांना जेवण गेलं नाही. माझे वडील सांगत, की ते ताटावर बसून आपलं मनगट बघत होते. बैल असता तर तो आपण तीन ठिकाणी बघितला असता. हिला एकाच ठिकाणी बघितलं, एकदाच, तेही खूर हातात धरून ओणवा असताना. आणि त्यावर पायाला साखळी पडणार.

दुसऱ्या दिवशी ते मंजुळाबाईंच्या रानाकडे गेले. बाईंना भेटायची छाती झाली नाही. त्यांचा सालगडी रामकिसन मोट हाकत होता, त्याच्याजवळ जाऊन बसले. रामकिसन अकरा वर्षं त्या घरी राबत होता. मालकीण कशी, असं विचारल्यावर त्याने मोट थांबवली. संशयी आहे म्हणाला, अशी की बोलायची सोय नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की राखेने तिच्यावर रेघा ओढते, कुणी मूठभर घेतलं तर रेघ मोडावी म्हणून. तीन कुलपं आणि तिन्हींच्या किल्ल्या कमरेला. नवऱ्यावरही विश्वास नव्हता, नवरा बिचारा हसून सोडून द्यायचा.

मग तू अकरा वर्षं कशाला राहिलास, आजोबांनी विचारलं.

"माझं माप तिनं एकदाबी कमी भरलं न्हाई," रामकिसन म्हणाला. "दुसऱ्यावर भरोसा न्हाई तिचा, पण दुसऱ्याचं खात न्हाई." आणि मग तो आजोबांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तुमी त्या दिशी बैलाला हात कावून लावला व? बैल कुटं इकायचा होता? मालक जाऊन महिना न्हाई झाला अन दीर हेडी घिऊन गोठ्यात. तवापासनं त्येची माणसं बांध कोरून आत घुसत्यात."

आजोबांना हे माहीतच नव्हतं. बैल विकायचा आहे असं भगवानरावांनी सांगितलं, यांनी मानलं. परक्याच्या गोठ्यात न विचारता शिरून खूर उचलणाऱ्या माणसाला काठी बसली, तर मारकं कोण?

तिथून ते धर्मापुरीला गेले. ते मंजुळाबाईंचं माहेर. तिथे त्यांच्या बालपणीच्या मैत्रीण बायडाबाई होत्या. आजोबांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, लहान असल्यापासून अशीच का? बायडाबाई खळखळून हसल्या. मंजी सात वर्षांची असताना विहिरीवर आपला दोर दुसऱ्याला धरू द्यायची नाही. कुणाच्या घरचं पाणी प्यायची नाही, सणाला गेली तरी स्वतःचा तांब्या घेऊन. एवढं सगळं, पण कधी कुणाला मारलं का? बायडाबाईंना प्रश्नच कळला नाही. मंजी आणि मार? ती कुणाच्या जवळ जाईल तर मारील ना.

राहिलं पाणी, म्हणजे परक्यांतली जागा. रामकिसनने सांगितलं होतं, की मालकीण बैल घ्यायला, दोर घ्यायला दरवर्षी पार दिंद्रुडच्या बाजाराला जाते. दिंद्रुड म्हणजे बैलगाडीने दोन दिवसांची वाट. हाकेच्या अंतरावरचा बाजार सोडून एवढ्या लांब कशाला, हे आजोबांना उमगेना. तेही गेले. तिथल्या राधाकिशन नावाच्या हेड्याने बाईंना बरोबर ओळखलं. "घाटनांदूरची का? आमी तिला फौजदारीण म्हणतो. बैलाचा दात धा बारी बघती, पाठ भिंतीला लावून बसती. लई शंकेखोर. पण येवार चोख."

काठी उगारते का?

राधाकिशनने नकाराची मान हलवली. मग सहज म्हणाला, की एकदा मी विचारलं होतं, बाई, तुमच्या गावात बाजार भरतो की. तर म्हणाली, तिथं मला नाव ठिवलंय.

आजोबा परतीच्या दोन दिवसांच्या वाटेला लागले. ही सगळी हकीकत मी अभिमानाने लिहितोय, पण त्या दोन दिवसांत त्यांना स्वतःची लाज वाटली हेही लिहिलं पाहिजे. ते लपवलं तर बाकीच्याला काही किंमत नाही.

पेशीच्या दिवशी कचेरी भरली होती. मंजुळाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, जवळ त्यांचा तांब्या. तहसीलदार उर्दूत विचारायचा आणि पेशकार, म्हणजे त्याचा कारकून, मराठी करून सांगायचा. बाजारात 'मारकी' हा शब्द तू बोललास का? बोललो. तू दिलेला शब्द कधी मागे घेतलास का? नाही. भगवानराव मागे वळून सगळ्यांकडे बघून हसले.

"हा घेतो," आजोबा म्हणाले.

पेशकारानेच आधी विचारलं, काय म्हणालात?  आजोबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, चार घड्या केल्या आणि कचेरीच्या फरशीवर ठेवला. बाजारातली जी माणसं तिथे होती त्यांना याचा अर्थ कळला. ती उठून उभी राहिली.

मग आजोबांनी सांगितलं. शंका ही या बाईची खोड आहे. लहानपणापासूनची, माहेरी, सासरी, परक्या बाजारात, तिन्हीकडे सारखी. तिचा जाच सगळ्यांत जास्त तिलाच होतो, शेजारी एक माणूस टिकत नाही. पण वेड असं नसतं. वेड एका दिवशी येतं, आधीचा माणूस निराळा असतो. हिचा आधीचा माणूस हाच. हकीमसाहेबांना पाणी पालथं केलेलं दिसलं, पण ही बाई सातव्या वर्षापासून कुणाच्या हातचं पाणी प्यायलेली नाही.

तहसीलदाराने अडवलं. आणि मारणं?

"मार ती फकस्त घाटनांदुरात मारती, सरकार. दुसरीकडं कुटंच न्हाई. एकाच जागी बिघडलं तर तिथं दुखत असतंय. तिच्या बांधात माणसं घुसत्यात, ते एक दुखणं. अन दुसरं मी दिलं. नाव ठिवून."

तहसीलदाराने खिडकीबाहेर नजर टाकली. मग त्याने भलताच प्रश्न काढला. त्याची घोडी बाहेर बांधली होती. हल्ली फार बुजते, ती पण जन्माची बुजरी म्हणायची का? कदाचित त्याला आजोबांची थट्टा करायची असेल, कदाचित परीक्षा घ्यायची असेल. आजोबांनी विचारलं, कधीपासून? महिन्यापासून. दोन्ही अंगांना बुजते की एकाच? तहसीलदार विचारात पडला. नदीकडे जाताना बुजते, येताना नाही. म्हणजे झाडी डाव्या बाजूला असते तेव्हा. आजोबा म्हणाले, मग ती खोड नव्हे, त्या बाजूचा डोळा बघा. घोडी सांभाळणारा मोतद्दार धावला. डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका निघाला.

हकीमसाहेबांचं मला कौतुक वाटतं. त्यांनी आपला कागद मागून घेतला आणि मंजुळाबाईंना एकच गोष्ट विचारायची परवानगी मागितली. आपण आजारी आहोत असं तुम्हाला वाटतं का? चार प्रश्नांना गप्प राहिलेल्या बाई या पाचव्याला बोलल्या.

"मी वाईट आसंल. येडी न्हाई."

हकीमसाहेबांनी 'जुनून'वर रेघ मारली. अर्जी फेटाळली गेली. वर बांधाची मोजणी करायचा हुकूमही निघाला. भगवानराव जाताना आजोबांना म्हणाले, की एका मारक्या बाईपायी धंदा बुडवलास बे. ते काही खोटं नव्हतं.

पुढच्या बाजारी आजोबा लिंबाखाली बसले. रुमाल नाही, रिकामा खांदा. ओळखीची माणसं राम राम करून पुढच्या हेड्याकडे जात. त्यापुढच्या बाजारीही तेच. लोकांचा राग होता असं नाही. पण ज्याचा शब्द फिरतो त्याच्या शब्दावर बैल कसा घ्यायचा? कायदा म्हणजे कायदा, आणि तो आजोबांनी स्वतःच वीस वर्षं पाळला होता. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. सहा बाजार ते तसे बसून उठले.

सातव्या बाजारी मंजुळाबाई आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा घाटनांदूरच्या बाजारात. हातात बैलाचा कासरा आणि दुसऱ्या हातात तीच काठी. माणसं दोन्ही बाजूंना सरकली, पण नाव घेऊन कुणी हाक मारली नाही. बाई थेट लिंबाखाली आल्या.

"बघ," म्हणाल्या.

आजोबा उठले, पण पुढे होईनात. मनगटाला आठवण होती. मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, बैलाकडे बघितलं. मग काठी पुढे केली आणि म्हणाल्या, धर ही. आजोबांनी धरली. आणि जी बाई जन्मात भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसली नव्हती, ती भरल्या बाजारात बैलाकडे, हेड्याकडे आणि आपल्या काठीकडे पाठ करून उभी राहिली.

आजोबांनी चारी खूर उचलून बघितले, दात बघितले, खांद्यावरून हात फिरवला.  सगळा बाजार उभा होता. बाईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

"झालं?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"झालं. बैल गरीब हाय."

"अन मालकीण?"

आजोबांनी बैलाच्या खांद्यावरचा हात काढला. मग ते म्हणाले, "मालकिणीला मी तीन जागी बघितलंय. ती हाय तशी हाय. तिला नाव न्हाई."

मंजुळाबाई वळल्या. काठी परत घेतली. मग खाली वाकून त्यांनी बैलाच्या गळ्यातली घुंगरं एक-एक करून मोजली, हेड्यासमोर, साऱ्या बाजारासमोर. अकरा होती, अकरा भरली. कासरा ओढून त्या निघून गेल्या.

त्याच दिवशी दोन माणसं आपले बैल घेऊन लिंबाखाली आली.